मावशींचा माउथपीस

त्या शनिवारी टिचकीकाकांनी मला नेहमीसारखे पुसून काउंटरवरच्या हिरव्या फडक्यावर ठेवले होते. माझ्या तिन्ही कळांना तेल घातले होते. मावशींची यायची वेळ झाली होती. बाहेर पायरीवर हत्यारांची पिशवी खणकन वाजली आणि दारात त्यांचे यजमान, नळवाले, उभे राहिले. एकटेच.

"या, या," काका म्हणाले. "मावशी मागे राहिल्या वाटतं? वाटेत तलावावरचं कोणी भेटलं असणार."

"नाही," नळवाले म्हणाले. "ती मंगळवारी गेली."

काकांच्या हातातले फडके हातातच राहिले.

"झोपेतच. सकाळी हाक मारली, तर..." पुढचे त्यांनी सोडून दिले. "तुम्ही याला पुसून ठेवलं असणार. वाट बघत बसाल, म्हटलं सांगून यावं."

काका कधी टिचकी मारल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूवर ते आधी नखाने टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात, म्हणून तर सगळी गल्ली त्यांना टिचकीकाका म्हणते. एकदा एका गिऱ्हाइकाच्या टकलावरही त्यांनी मारली होती म्हणे, पण ते कबूल करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कशावरच टिचकी मारली नाही.

नळवाले बाहेर जाऊन पायरीवर बसले. ती त्यांची ठरलेली जागा होती. मावशी आत वाजवत तेवढा वेळ ते तिथे बसून पेंगत. त्या दिवशीही ते तेवढाच वेळ बसले. आतून काहीच वाजले नाही. मग ते उठले आणि पिशवी उचलून गेले.

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे. माझे सगळे आयुष्य सांगायचे तर पुष्कळ आहे, पण मी थोडक्यात सांगतो, कारण मला मावशींपर्यंत लवकर यायचे आहे.

माझा जन्म एका धुरकट कारखान्यात झाला. एका कारागिराने पितळेचा पातळ पत्रा लोखंडी साच्यावर ठोकून माझा कर्णा घडवला. तापवायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे. आमच्यात मार खाल्ल्याशिवाय आवाज सुटत नाही. तुमच्यात तसे नसते, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा.

माझी पहिली वर्षे जहाजावर गेली. माझा पहिला मालक तिथे जेवणाच्या दालनात वाजवायचा. लाटा मोठ्या झाल्या की ताटे घसरायची, पण त्याचा सूर घसरायचा नाही. तो धरायचा तिथे माझ्यावर अजून एक गुळगुळीत जागा आहे, आणि मला पुढे ज्यांनी ज्यांनी धरले त्यांचा डावा हात आपोआप तिथेच गेला. जहाजावरची नोकरी सुटल्यावर तो नाचघरात वाजवू लागला. लोक थांबून ऐकायचे. तो मला उंच धरून म्हणायचा, "टाळ्या याला द्या. मी नुसता फुंकणारा!"

मग त्याला दम लागू लागला. शेवटच्या दिवशी त्याने मला घाईत पेटीत ठेवले आणि आतले पाणी काढले नाही. आमच्या आत पाणी साचते. लोक नाक मुरडून त्याला थुंकी म्हणतात. पण ते बहुतेक श्वासाचेच पाणी असते. तुमचा गरम श्वास आमच्या थंड नळ्यांत येऊन थबकतो. ते काढून टाकायला मला एक छोटी झडपही आहे. त्या दिवशी ती कोणी दाबली नाही. पेटी माळ्यावर गेली आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिली. माझी तिसरी नळी, जी बोटाने पुढेमागे सरकायला हवी, ती आतून धरली आणि कायमची अडकून बसली.

माळा रिकामा झाला तेव्हा मी भंगारात निघालो. टिचकीकाकांनी मला तिथे पाहिले, टिचकी मारली आणि म्हणाले, "अरे, हा तर जागा आहे!" त्यांनी माझे पोचे काढले, कळा मोकळ्या केल्या. तिसऱ्या नळीला मात्र हात लावला नाही. "तापवून ओढली तर निघेल," ते म्हणाले, "पण पितळ जुनं आहे, फाटलं तर हा कामातून गेला. घेणारा म्हणेल तेव्हा बघू."

आणि एका शनिवारी मावशी आल्या.

सगळे त्यांना तलावमावशी म्हणत. सार्वजनिक तलावावर त्या मुलांना पोहायला शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, केस कायम ओलसर, आणि छातीत एवढा श्वास की पाण्याखालून तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जायच्या. तरुणपणी त्या एका कारखान्यात होत्या आणि कारखान्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायच्या. ट्रम्पेट कारखान्याचा होता, माउथपीस मात्र स्वतःचा. ओठांना लागतो तो हा तुकडा ज्याचा त्याचाच असतो; तुमचा दात घासायचा ब्रश जसा तुमचा. बँड मोडला, वाद्ये विकली गेली, आणि मावशींनी माउथपीस बटणांच्या डब्यात जपून ठेवला. तो घेऊन त्या आल्या होत्या. पण आता त्यांचे पुढचे दोन दात बसवलेले होते, आणि फुंकताना सगळा दाब दातांवरच येतो.

"काका, दात नवे, ट्रम्पेट जुना," त्या म्हणाल्या. "दोघांचं जमतंय का बघू द्या. लग्नासारखंच आहे, एकदम हो म्हणायचं नसतं."

"मला मात्र एका दमात हो म्हणालीस," पायरीवरून आवाज आला.

"म्हणून तर आता शहाणी झालेय!"

मग त्या दर शनिवारी येऊ लागल्या. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. मग एक सूर निघाला, मग दोन. त्यांना बँडमधले एक जुने संथ गाणे वाजवायचे होते. ते हळूहळू जमू लागले, पण मधे एक खालचा सूर होता, तिथे नेहमी घोटाळा व्हायचा. तो सूर नीट लागायला माझी तिसरी नळी पुढे सरकावी लागते आणि ती तर अडकलेली. म्हणून तो सूर थोडा चढा लागायचा. मावशी डोळे मिचकावून तोंड वाकडे करायच्या. "हा बघा, आला आंबट!" म्हणून खळखळून हसायच्या आणि गाणे तिथेच राहायचे.

"अहो, कसं वाटलं?" त्या बाहेर विचारायच्या.

"मोठ्याने वाटलं," पायरीवरून उत्तर यायचे.

काका विचारायचे, "मग, घेणार का मावशी?" आणि त्या म्हणायच्या, "विचार करतेय." घर लहान होते. भिंती पातळ होत्या. दात दगा देतील अशी भीती होती. आणि त्या नळीचेही भय होते. उगीच हट्टाला पेटून एवढ्या जुन्या जिवाला फाडायचे का, असे त्या म्हणायच्या. मला जीव म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

शेवटच्या शनिवारी त्या आंबट सुरापर्यंत आल्या, हसल्या, आणि मला फडक्यावर ठेवताना माउथपीस काढून घेतला नाही. "राहू दे यातच," त्या हळूच म्हणाल्या. "नळीचं मागून बघू. ऐकलंत ना काका?"

काकांनी काउंटरवर टिचकी मारली. "ऐकलं."

आमच्या दुकानाची एक रीत आहे. कोणी आपला माउथपीस वाद्यात ठेवून गेला की सौदा ठरला. मग ते वाद्य दुसऱ्या कोणाला दाखवायचेसुद्धा नाही. मावशींनी बाहेर पेंगणाऱ्या नळवाल्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवले. पुढच्या शनिवारी त्या स्वतः सांगणार होत्या.

पुढच्या शनिवारी काय झाले, ते मी सुरुवातीलाच सांगितले.

मग दुकानात एक हॉटेलवाले साहेब आले. त्यांना भिंतीवर जुन्या वाद्यांची रांग लावायची होती. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कर्ण्यात एक भोक पाडलं की आत बल्ब मस्त बसेल." माझ्या अंगावर काटा येत नाही, नाहीतर आला असता. "यात माउथपीस आहे," काका म्हणाले. "तो निघाला तर या."

आणि दोन दिवसांनी नळवाले आले, त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. आईच्या वस्तू लावताना बटणांच्या डब्यात माउथपीस सापडला नव्हता.

"काका, इथे राहिलाय का?" तिने विचारले. मग तिला तो दिसला. तिने हात पुढे केला, तोच काकांनी माझ्यावर तळवा ठेवला.

"ताई, एक मिनिट." त्यांनी तिला दुकानाची रीत सांगितली.

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "पण आई नाहीये ना आता."

"म्हणूनच विचारतोय. तुम्ही काढून न्या, माझी ना नाही. पण काढलात की हा मोकळा झाला. हॉटेलवाले साहेब टपून बसलेत."

"बाबा, आपण घेऊन काय करणार?" मुलगी म्हणाली. "तुम्हाला ट्रम्पेट आणि कुकरची शिट्टी यातला फरक तरी कळतो का?"

"कुकरची शिट्टी चांगली असते," नळवाले म्हणाले. "मागून जेवण येतं."

असे म्हणत त्यांनी मला पहिल्यांदा उचलले. इतके शनिवार ते पायरीवर बसले, पण मला हात कधी लावला नव्हता. त्यांचा डावा हात बरोबर त्या गुळगुळीत जागेवर गेला. मग त्यांनी मला नळवाल्याच्या नजरेने पाहिले. एकेक जोड दाबून बघितला. तिसऱ्या नळीपाशी त्यांचा चेहरा उजळला.

"हा सांधा बघा. जराही हलत नाही! पक्कं काम आहे. मग ती विचार कसला करत होती?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमच्या धंद्यात सांधा हलला की बिघडलं. आमच्या धंद्यात तो हलला नाही की बिघडलं! ही नळी सरकायला हवी. सरकत नाही म्हणून तो सूर आंबट यायचा."

"ती हसायची तो?"

"तोच."

नळवाले अंगठा नळीवर फिरवत राहिले. "म्हणजे दर शनिवारी ती हिच्यामुळे हसायची," ते म्हणाले. "मग राहू दे की तशीच. कशाला काढायची?"

मुलीने वडिलांच्या हातातल्या माझ्याकडे पाहिले.

"बाबा, आई हसायची खरी," ती म्हणाली, "पण गाणं तिथेच राहायचं ना तिचं. न्हाणीघरात ती पूर्ण म्हणायची. मला पाठ आहे." आणि तिने ते गुणगुणून दाखवले. आंबट सुराच्या जागी ती क्षणभर अडखळली, मग पुढे गेली. पुढचा भाग मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो फार साधा होता आणि फार चांगला होता. नळवाल्यांनीही तो पूर्वी ऐकला असणार, पण त्या दिवशी त्यांनी कान देऊन ऐकला.

"तापवा," ते काकांना म्हणाले.

"फाटला तर? मग तो दिव्याच्याच कामाचा."

"थांबा. आधी मला विका. दुसऱ्याच्या नळाला मी विचारल्याशिवाय कधी पाना लावला नाही. फाटायचा तर माझा होऊन फाटू दे."

सौदा झाला. काकांनी बारीक ज्योत धरली, नळवाल्यांनी नळीच्या वळणात फडके अडकवले. दोघांचे हात चटक्यांना सरावलेले. "आता," काका म्हणाले. एक हिसका, दुसरा हिसका, आणि बाटलीचे बूच उडावे तसा टप्प आवाज झाला. नळी निघाली. आतून हिरवट पाण्याचा एक थेंब फडक्यावर पडला. माझ्या पहिल्या मालकाच्या शेवटच्या श्वासाचा तो असावा, असे मला उगीच वाटते. कडेला एक बारीक चीर गेली होती. काकांनी कथलाचा डाग देऊन ती बुजवली आणि माझ्यावर टिचकी मारली. कितीतरी दिवसांनी त्यांनी कशावर तरी टिचकी मारली होती.

आता मी मावशींच्या घरी आहे. भिंतीवर नाही, त्यांच्या शिवणाच्या मशीनवर, बटणांच्या डब्याशेजारी. दर शनिवारी नळवाले मला घेऊन काकांकडे शिकायला जातात आणि आता पायरीवर न बसता आत येतात. घरी पहिल्यांदा त्यांनी मला फुंकले तेव्हा जो आवाज निघाला तो ऐकून शेजारीण धावत आली. "अहो, तुमच्याच घरात पाइप फुटला की काय?" त्या दिवशी मुलगी पोट धरून हसली. आईसारखीच हसते ती.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे एखादे जुने वाद्य असेल तर त्याला दिवा लावायच्या आधी एकदा फुंकून बघा. वाजवून झाले की आतले पाणी काढा, कोरडे करा आणि मगच झाकण लावा. आणि जी नळी सरकायची असते ती अधूनमधून सरकवत राहा. नळवाले रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी माझ्या तिसऱ्या नळीला एक थेंब तेल घालतात आणि ती एकदा पुढे, एकदा मागे करतात. ती आता लोण्यासारखी चालते.

चुकत, थांबत ते गाण्यातल्या त्या खालच्या सुरापर्यंत येऊन पोचले आहेत. बोट नळी पुढे ढकलते, सूर गोड लागतो, आणि ते मला खाली ठेवतात. त्याच्या पुढचे गाणे अजून वाजवायचे राहिले आहे.