जन्मतारखेच्या अलीकडे

आपण नेमके कुठे आहोत हे माणसाला न कळणं, हेच जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ आहे. उरलेल्या निम्म्यांचं मूळ, अक्कांच्या मते, फॉर्म बनवणारे लोक.

अक्कांना दिसत नसे, आणि कंपनी त्यांना पगार देई तो याच गुणावर. नवा फॉर्म आला की त्या हेडफोन लावून टॅबची कळ दाबत जात. प्रत्येक दाबासरशी फोकस पुढच्या रकान्यावर उडी मारी आणि यंत्र त्या रकान्याचं नाव सांगे. आजचा फॉर्म दवाखान्याच्या नोंदणीचा होता. चार वाजता तो लोकांसाठी खुला व्हायचा होता.

टॅब. ‘नाव.’ टॅब. ‘मी इथे आहे.’

अक्का थबकल्या. टॅब. ‘मी इथे आहे.’ मागे फिरून पाहिलं, एस्केप दाबून पाहिलं. ‘मी इथे आहे.’

“चष्मेवाल्या, नाव आणि जन्मतारखेच्या मध्ये कोणाला बसवलंयस रे?”

शेजारचा प्रोग्रॅमर पडद्याला नाक लावून म्हणाला, “कुणी नाही अक्का. कोरी जागा आहे.”

“तुला दिसत नाही, एवढंच म्हण. कोड बघ.”

त्याच्या कळांचा खडखडाट झाला.

“दाढीने लिहिलंय,” तो हळूच म्हणाला. “अदृश्य बटण. फोकस कुठे हरवतो ते शोधायला टाकलं असणार, काढायचं राहिलं. तारीख... छातीत दुखतंय म्हणून लवकर घरी गेला ना, त्या दुपारची.”

दाढी म्हणजे चष्मेवाल्याच्या आधी त्याच खुर्चीवर बसणारा. त्या दुपारनंतर तो आलाच नाही. रोज सकाळी विचारायचा, “अक्का, आज कसा दिसतोय?” अक्का म्हणायच्या, “आवाजावरून आंघोळ झालेली वाटत नाही.”

“राहू द्या ना,” चष्मेवाला म्हणाला. “एकच ओळ आहे. त्याची शेवटची.”

“आणि माझ्यासारखी एखादी तापाने फणफणलेली बाई त्याच्यापाशी अडकून बसली म्हणजे? ती पुढे जायला बघतेय, आणि हा आपला, मी इथे आहे!” अक्कांनी त्याच्या कीबोर्डकडे हात पुढे केला. “सरक. मी पुसते.”

“डिलीटची कळ—”

“कळ मला ठाऊक आहे. ओळ दाखव.”

ओळ पुसली गेली. अक्कांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टॅब. ‘नाव.’ टॅब.

यंत्र गप्प. मग हेडफोनच्या आत, अगदी कानाशी, कुणीतरी बसल्या जागेवरून उठावं तशी खुर्ची करकरली.

‘जन्मतारीख.’

अक्कांनी हेडफोन उतरवून ठेवला.

“झालं का अक्का? पाठवू फॉर्म?”

“पाठव,” अक्का म्हणाल्या. “आणि खुर्ची जरा मागे घे बाबा, चाक माझ्या पायावर आलंय.”