मंगळवार ते गुरुवार

दोष एवारिस्तो मास्तरांचा. त्यांच्या खालोखाल साबिनोच्या बापाचा, आणि मग गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गावात ते कुणी बोलत नाही. मी बोलतोय. मी शाळेच्या भिंतीवरचा वारांचा तक्ता. मला दटावायला माझं कुणी वडीलधारं नाही.

माझा जन्म खाली बाजाराच्या गावात, शवपेट्या करणाऱ्या सुताराकडे झाला. एका म्हातारीच्या पेटीतून निलगिरीची फळी उरली होती, तिचा मी झालो. "मेलेल्यांना वार लागत नाहीत, जित्यांना तरी लागू देत," असं म्हणून सुतार हसला आणि त्यानं माझ्या मधोमध पत्र्याचा काटा ठोकला. भोवती स्पॅनिशमध्ये सात वार रंगवले. कडेनं दिनक्रमाची चित्रं: उठणारा मुलगा, तोंड धुणारा मुलगा, टेबलाशी बसून दूध-पाव खाणारा मुलगा, दप्तर घेऊन निघालेला मुलगा. गोरा, गुबगुबीत, पायात सपाता. असला पोरगा या डोंगरावर मी आजवर पाहिलेला नाही.

इथली पोरं घरी केचुआ, म्हणजे या डोंगराची भाषा, बोलतात. स्पॅनिश त्यांना माझ्यापाशी सुरू होते. मास्तर काठीनं एकेक वार दाखवायचे आणि पोरं ओरडायची, लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस. मग दिनक्रम. "मी सहा वाजता उठतो. मी तोंड धुतो. मी न्याहारी करतो." अंधारात उठून, मेंढरं कुरणाला लावून, खिशात उकडलेले बटाटे घेऊन टेकडी ओलांडून आलेली ही पोरं थंडीनं दात वाजवत म्हणायची, मी सहा वाजता उठतो.

त्यांतल्या साबिनोनं एकदा विचारलं, "मास्तर, हा पोरगा मेंढरं कधी सोडतो?"

"त्याच्याकडे मेंढरं नाहीत."

"मग बापाचा मार कशावरून खातो?"

"चित्रात आहे तेवढंच बोल रे. स्पॅनिशमध्ये मेंढरं चरत नाहीत!"

वर्ग खिदळला, साबिनोही खिदळला. पण मेंढराचा शब्द त्यानं बटाट्याच्या ट्रकवाल्याला विचारून मिळवलाच. कुरणाचा मिळवला, धुक्याचा मिळवला. चित्राबाहेरचं सगळं त्यानं असंच एकेक करून जमवलं. पोरं घरी गेली की तो माझ्यासमोर उभा राहून काटा फिरवायचा आणि एकटाच बडबडायचा. माझ्या इतक्या जवळ दुसरं कुणीच आलं नाही.

मास्तरांचा दिनक्रम मात्र कुणी कुणाकडून पाठ करून घेतला नाही. मंगळवारी सकाळी ट्रक वर यायचा, त्यातून मास्तर उतरायचे. गुरुवारी दुपारी ट्रक खाली जायचा, त्यात मास्तर चढायचे. खाली त्यांचं घर, बायको आणि खिळे-पत्र्यांचं दुकान. सोमवारी आणि शुक्रवारी शाळेला कुलूप. पगार अख्ख्या आठवड्याचा.

म्हाताऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. गावची सभा याच खोलीत भरते. पोरांच्या बाकांवर बसून, कोकाची पानं चघळत तेओफिलो आजोबा, म्हणजे गावचे प्रमुख, म्हणायचे, "आधीची बाई महिन्यात पळाली. हा येतो तरी. अर्धा वाडगा रस्सा मिळतोय तर अर्धा प्या, ओरडू नका." सगळे माना डोलवायचे. या माना फक्त त्याच कामाला ठेवल्यात.

शिवाय मास्तर अर्ध्या गावाचे सोयरे. इथं लेकराचं जावळ थाटात काढतात, आणि पहिली बट कापणारा त्या लेकराचा धर्मबाप होतो. साबिनोची पहिली बट मास्तरांनीच कापली होती. त्याचा बाप मेल्चोर दर काही दिवसांनी दारात टोपी काढून उभा राहायचा.

"मास्तर, सहावी झाली की हा तुमचा. तुमच्या घरी राहील, दुकान झाडील, माध्यमिक शाळेत जाईल."

"जाईल की. माझाच पोरगा तो. त्याचं नाव मी शिक्षण कार्यालयाला कळवलंय."

या गावात माध्यमिक शाळा नाही. खाली राहायला दुसरं घर नाही. मास्तरांचा शब्द हाच साबिनोचा रस्ता होता, आणि तो त्याला पक्का ठाऊक होता.

मग एका बुधवारी शिक्षण कार्यालयातून तपासणीच्या बाई आल्या. मास्तरांनी दाढी केली होती, पोरांना तोंडं धुवायला लावली होती. हुकमाचं पान म्हणून साबिनोला पुढे केलं. त्यानं काटा फिरवत सहा वाजता उठणारा पोरगा घडाघडा म्हणून दाखवला.

बाई म्हणाल्या, "पाठ केलेलं पुरे. तू काय करतोस ते सांग. सोमवारी?"

साबिनोचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सरळ स्पॅनिशमध्ये, न अडखळता तो बोलू लागला.

"सोमवारी मी मेंढरं राखतो. सोमवारी शाळा नसते. मंगळवारी मास्तर ट्रकनं येतात, म्हणून मी शाळेत येतो. बुधवारीही येतो. गुरुवारी दुपारी मास्तर जातात. शुक्रवारी मी पुन्हा मेंढरं राखतो. शुक्रवारी धुकं असतं."

एकही चूक नव्हती. तो हसत मास्तरांकडे वळला, शाबासकीसाठी. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या मंगळवारी ट्रक आला, मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गावाची पाचावर धारण बसली. दोघं जण भाजून खायचे गिनीपिग आणि सुकवलेल्या बटाट्यांचं पोतं घेऊन खाली त्यांच्या पाया पडायला गेले. मास्तर परतले ते अट घेऊनच. बाई चौकशीला पुन्हा येणार आहेत, तेव्हा पोरानं शब्द मागे घ्यायचा.

बाई आल्या तशी सभा माझ्यासमोर भरली. तेओफिलो आजोबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई, मास्तर पाचही दिवस येतात. गाव साक्षीला आहे." देवळात रडणारा माणूस हा!

बाईंनी विचारलं, "मग हा मुलगा म्हणाला ते?"

"पोरगं आहे. त्याला वार कळत नाहीत."

साबिनो स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलायला लागला तसा मेल्चोरनं त्याच्या मानेला धरून चिमटा काढला. "केचुआत बोल! मोठा आलाय शहाणा. गावाची शाळा बुडवतोस? सांग."

साबिनो खाली बघून केचुआत म्हणाला, "मला वार कळत नाहीत."

त्याचं बोलणं बाईंना स्पॅनिशमध्ये करून कुणी सांगितलं? एवारिस्तो मास्तरांनी. अगदी मायेनं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून.

बाईंना सगळं कळत होतं. पण ट्रक थांबून होता, आणि एवढ्या म्हाताऱ्यांशी भांडायला त्या वर आल्या नव्हत्या. पर्स उचलता उचलता त्या म्हणाल्या, "माध्यमिकसाठी नाव दिलं होतं तो हाच ना? ज्याला वार येत नाहीत त्याला मी कसा पाठवू?"

"बरोबर आहे, बाई," मास्तर म्हणाले. "माझीच घाई झाली."

मेल्चोरनं तेव्हा मान वर केली. बाई गेल्यावर तो मास्तरांच्या मागे मागे दारापर्यंत गेला. "मास्तर, पण आपलं ठरलं होतं ना? तुमचा पोरगा आहे तो."

"मेल्चोर, मी कुठे काय म्हणालो? तूच त्याला बोलायला लावलंस. चार जणांसमोर."

मेल्चोर टोपी चुरगाळत राहिला. घरी जाऊन त्यानं मारलं ते साबिनोला, हे दुसऱ्या दिवशी पोरांकडून कळलं. तेओफिलो आजोबा पुढच्या सभेत म्हणाले, "चला, शाळा वाचली."

शाळा वाचली. मास्तर अजून मंगळवारी येतात आणि गुरुवारी जातात. नवी पोरं माझ्यासमोर उभी राहून सहा वाजता उठतात. माझा रंग उडालाय, निलगिरीला चीर गेलीय. कुणी या डोंगरावर आलात, तर माझ्यावर दया म्हणून मला उतरवा आणि चुलीत घाला. आणि तुमच्या घरात एखादं पोर खरं बोललं, तर त्याच्या मानेवरचा हात आधी काढा. बाकी काही मागणं नाही.

साबिनो आता बाप्या माणसांत सभेला येतो, दाराशी बसतो आणि कोका चघळतो. स्पॅनिश बोलत नाही. माध्यमिक शाळा त्याला मिळाली नाही.