बाळंतिणीची मुशी

बाराव्या दिवशी हर्षालीचं बाळ बेचाळीस किलो भरलं. दिसायला ते वीतभरच होतं, दोन ओंजळींत मावेल एवढं. आरोग्यसेविका वैजूताईंनी काट्याला दोनदा टिचकी मारून पाहिली. आकडा हलला नाही, तेव्हा त्यांनी तो कार्डावर लिहिला. वजनाची रेघ कार्डाच्या वर निघून गेली होती, म्हणून त्यांनी डिंकाने आणखी एक कागद जोडला.

"वजन वाढतंय, छान आहे," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला काय देता?"

"मुशी," हर्षालीची आई चांगुणा म्हणाली, आणि तिची मान आपसूक ताठ झाली.

ताठ होणारच. तीस वर्षं तिने डोक्यावरून मासळी नेऊन बाजारात विकली, आणि मासळीबरोबर सल्ला फुकट दिला. आजारातून उठलेल्याला बोय, वाढत्या पोराला बांगडा, आणि बाळंतिणीला शार्कच्या जातीतली मुशी, लसणीत रटरटवलेली, म्हणजे पान्हा फुटतो. सगळा कोळीवाडा तिला डॉक्टरीणबाय म्हणायचा. आधी चेष्टेने म्हणायचा, पुढे पुढे खरंच म्हणायला लागला. कुठल्या घरात पाळणा हलला आणि तिथे चांगुणाची मुशी शिजली नाही, असं होत नसे.

हर्षाली या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मात्र तिला तीन दिवस दूधच आलं नाही. बाळ चोखायचं आणि रडायचं, रडून रडून निळं पडायचं. चांगुणाचा जीव नुसता तुटत होता. चौथ्या दिवशी तिने मुशी केली. पाचव्या दिवशी दूध उतरलं ते चंदेरी. एक थेंब जमिनीवर सांडला, त्याचे बारीक मणी झाले, मणी इकडेतिकडे पळाले आणि पुन्हा एक होऊन थांबले. चांगुणाने कौतुकाने पाहिलं. असं कसदार दूध तिने आजवर बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाळ रडलं नाही. गुणाचं गं पोर, असं जो तो म्हणाला.

बारशाला बायका जमल्या. पाळण्याची कडी सकाळीच सरळ झाली होती, म्हणून पाळणा जमिनीवर ठेवला, आणि जमीन त्याच्याखाली परातीसारखी खोलगट झाली. घरातले तांबे, वाट्या, नारळ सगळं गडगडत पाळण्याशी जाऊन थांबलं. बाळाला उचलायला आत्या वाकली. तिला ते हललं नाही. मग चौघी मिळून वाकल्या. नाव ठेवायचं राहून गेलं.

चांगुणाने बाळाच्या कानाशी टाळी वाजवली. बाळाने मान वळवली नाही. तिने पापा घ्यायला तोंड खाली नेलं, तर बाळाच्या गालात तिला स्वतःचा चेहरा दिसला, स्वच्छ, कुंकवासकट.

"आयो," भिंतीला टेकलेली हर्षाली म्हणाली, "मना माजे ओठच कलत नाय." तिच्या हातातला चमचा तिसऱ्यांदा खाली पडला.

"अशक्तपना हाय. आज दोन तुकरे जास्ती खा," चांगुणा म्हणाली आणि त्या दिवसाची मुशी चिरायला विळीवर बसली.

मुशीच्या पोटात अख्खा बांगडा निघाला. बांगड्याच्या पोटात मांदेली होती, मांदेलीच्या पोटात जवळा, आणि जवळ्याच्या पोटात एक चंदेरी कण, मोहरीहून बारीक. मांदेलीने वीस जवळे खाल्ले होते, तिच्यात तसे वीस होते. बांगड्यात सगळ्या मांदेलींचे होते. मुशीत किती होते ते बघायची वेळच आली नाही. दुसरा काप मारताच विळीखालून लखलखती धार निघाली आणि घरंगळत पाळण्याकडे गेली. कुणीही आपल्यापाशी काही ठेवलं नव्हतं. प्रत्येकाने असेल नसेल ते पुढच्याला दिलं होतं. चांगुणाने हर्षालीला दिलं, हर्षालीने बाळाला दिलं.

चांगुणा विळीवरून उठली ती सरळ वैजूताईंपुढे जाऊन उभी राहिली. त्या ओसरीवर चहा पीत होत्या. विळीवर काय निघालं ते तिने सांगितलं.

"मासे द्यायचेच, मावशी," त्या म्हणाल्या. "बाळाच्या मेंदूला मासळी फार चांगली. बारीक द्यायची, मांदेली, जवळा, बांगडा. मुशीसारखं मोठं नको, आणि खाडीच्या तोंडाचं तर काहीच नको. कारखान्यांचं पारा मिसळलेलं पाणी तिथे येतं."

"ह्ये आदी का नाय सांगलास?"

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्हीच सगळ्यांना सांगता."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते चांगुणाला जास्त लागलं.

बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. रिक्षा आणली, तिचा मागचा दांडा मोडला. तेव्हा चांगुणाने पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि आठ बायकांनी बाळ उचलून तिच्या डोक्यावर दिलं. टोपलीच्या सवयीची मान, तिने ते पेललं.

"त्याला नेव नको गो आयो," हर्षाली दारातून म्हणाली. तिचे शब्द ओठांना न लागताच येत होते. "त्याची प्यायची येल झाली."

डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही. चांगुणाने लेकीकडे वळून पाहिलं नाही, आणि याचं तिला जन्मभर वाईट वाटणार होतं.

खाडीच्या बांधावर तिचे पाय आधी घोट्यापर्यंत रुतले, मग गुडघ्यापर्यंत. मागून घरांघरांतून चंदेरी मणी निघून तिच्याकडे येऊ लागले. सुमतीच्या घरातून आले, जिची मुलगी सात वर्षांची झाली तरी आईला हाक मारत नव्हती. दिनानाथच्या घरातून आले, ज्याला मिसरूड फुटलं तरी सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. त्या दोन्ही घरांत मुशी तिनेच पोचवली होती, ताजी, निवडून. मणी तिच्या पाठीवरून चढून बाळात गेले. बांध खचला आणि ती खाडीच्या चिखलात उतरली, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. भरती लागली होती. तिने दोन्ही हातांनी बाळ धरून ठेवलं.

बांधावर ताराबाय आली. तिच्या हातात रिकामं पातेलं होतं.

"डॉक्टरीणबाय, सून मोकली झाली गो. पोरगा हाय. दूधच नाय उतरत, पोर सारकं ररतंय. कंचं मासं देव?"

पाणी चांगुणाच्या ओठांना लागलं होतं. बोलायचं तर हनुवटी वर करायला हवी होती, आणि हनुवटी वर केली असती तर बाळ मागे घसरलं असतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि डोळे मोठे करून ताराबायकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर बाळ आठ दिवसांनी पहिल्यांदा रडलं. ते भुकेचं रडणं होतं.

ताराबायने पातेलं काखेत मारलं.

"मुशीच ना?" तिने विचारलं.