पत्र्यात गुंडाळलेला पाइप

पावणे गावातल्या एका रसायन कारखान्यात अभिराम गुप्ते मॅनेजर होते. आपल्याकडचा एकही पाइप तुंबलेला नाही, असं त्यांनी हेड ऑफिसला लिहून दिलं होतं. पाइप त्यांनी पाहिले नव्हते. लिहायला त्याची गरज पडली नव्हती.

मग तपासणीला उज्वला माने आली. तिच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. पाइप कापायचा नाही, उघडायचा नाही. आतून गरम द्रव वाहतो. जिथे थर साचलेला असतो तिथे उष्णता बाहेर कमी पोचते आणि तो भाग थंड, निळा दिसतो. सात नंबरच्या पाइपचा तळ वळणापासून तीन मीटर निळा होता.

"थर बसलाय, सर. बंद करून साफ करावा लागेल."

"पंख्याचा वारा लागत असेल," गुप्ते म्हणाले.

"इथे पंखा नाय, साहेब," फिटर नामदेव म्हणाला.

पंखा त्यानेच काढून नेल्यासारखं गुप्त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मॅडम, सोमवारी पुन्हा या. रिपोर्ट तेव्हाच द्या."

सोमवारी पाइपवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा होता. उज्वलाने कॅमेरा लावला. सगळीकडे एकच रंग, आणि मधोमध तिचीच धूसर आकृती. असा पत्रा समोरच्याची उष्णता आरशासारखी परत पाठवतो.

"कुठे आहे निळं?" गुप्ते खुशीत म्हणाले.

"सर, यात पाइप दिसत नाहीये. मी दिसतेय."

"मग चांगलंच आहे की. लिहा तसं."

तिने लिहिलं: 'पृष्ठभागाचे तापमान सर्वत्र समान. पृष्ठभाग पत्र्याचा असल्याने पाइपची तपासणी होऊ शकली नाही. पहिल्या दिवसाचे फोटो सोबत जोडले आहेत.' गुप्त्यांनी पहिलं वाक्य वाचून रिपोर्ट पुढे पाठवला.

हेड ऑफिसच्या प्रेमला निंबाळकरांना शेवटपर्यंत वाचायची खोड होती. गुरुवारी त्या स्वतः आल्या. नामदेवने पत्रा उतरवला, वळण उघडलं. अर्धा पाइप दगडासारख्या पांढऱ्या थराने भरला होता.

"या नव्या मशिनांवर भरवसा ठेवता येत नाही, मॅडम," गुप्ते म्हणाले.

प्रेमलाबाईंनी पहिल्या दिवसाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. "कुणावर ठेवू मग?"

थर फोडण्यात चार दिवस गेले. महिन्याभरात गुप्त्यांची द्रोणागिरीच्या गोदामात बदली झाली. निरोप समारंभात त्यांच्या बारीक नजरेचं कौतुक झालं. उज्वला गेली नाही. त्या दिवशी तिचं रबाळ्याला काम होतं, आणि तिथल्या मॅनेजरने सकाळीच फोन करून कोणता पाइप बघू नये ते सांगितलं होतं.