अंगठ्याएवढी वाटी

थोरलीचं नाक गेलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी तिची पक्की समजूत होती. नाक म्हणजे जागेवर होतं, चांगलं धारदार होतं, वास तेवढा गेला होता. आठ दिवस तापाने फणफणली, नवव्या दिवशी उठली आणि चहाचा घोट घेतला तर नुसतं गरम पाणी. वासामागोमाग चवही गेली होती. भात म्हणजे ओला कापूस, लोणचं म्हणजे काहीतरी कडक. येईल परत, असं म्हणत महिना काढला, दोन काढले. मग तिने वाट बघणं सोडलं आणि लपवायला सुरुवात केली.

लपवणार नाही तर काय करणार बिचारी? आयुष्यभर रस्सा विकून पोट भरलेली बाई. आंबट-तिखट रस्सा आणि त्यात वाफवलेले तांदळाचे गोळे, एवढंच करायची, पण असं करायची की तिच्या गाडीपाशी लोक उभ्याने रांग लावून जेवायचे. पुढे रस्ता रुंद झाला, गाड्या उठल्या, आणि सगळ्या गाडीवाल्यांना दुकानांच्या एका मोठ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नेऊन बसवलं. काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, डोक्यावर गारेगार हवा सोडणाऱ्या जाळ्या. एका ओळीत बावीस खिडक्या आणि समोर दोनशे खुर्च्या. पहिले सहा महिने थोरली स्वेटर घालून रस्सा ढवळायची आणि या हवेला शिव्या घालायची. पाच मिनिटांत ताटातलं गार होतं, चुलीवरचा धूर छतातला पंखा ओढून नेतो, शेजारी काय शिजतंय ते शेजाऱ्याला कळत नाही, ही काय खाण्याची जागा झाली, म्हणायची.

ताप येऊन गेल्यावर मात्र तिने शिव्या बंद केल्या. रस्त्यावर असती तर चार दिवसांत पकडली गेली असती. तिथे करपलं की दहा जण ओरडायचे. इथे कुणालाच वास येत नव्हता, त्यात तिचं खपून गेलं.

त्या जागेची एक रीत होती. प्रत्येक खिडकीबाहेर ट्रेमध्ये अंगठ्याएवढ्या कागदी वाट्या भरून ठेवायच्या. येणाऱ्याने चाखायचं, आवडलं तर थाळी घ्यायची. काही जण नुसतेच चाखत बाविसाव्या खिडकीपर्यंत जायचे आणि पोट भरल्यासारखे घरी परतायचे. त्यांना सगळे ‘पाहुणे’ म्हणायचे. थोरलीने ही रीत बरोबर आपल्या कामाला लावली. सकाळी पहिली वाटी ती फरशी पुसणाऱ्या काकांना द्यायची आणि त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसायची. काका वाटी रिकामी करायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, “छान.” की मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

खिडकी तिची आणि तिच्या जावेची, दोघींची. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, धाकटीचा परगावी नोकरीला होता. एका घरात राहायच्या, एका चुलीवर कमवायच्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धड कढईही उचलता येत नव्हती. थोरलीने तिला हाताला धरून शिकवलं. तेव्हापासूनची सवय होती, रस्सा उकळला की धाकटी डावभर रस्सा पुढे करायची आणि विचारायची, “ताई, मीठ?” थोरली ओठाला लावून सांगायची, बरोबर आहे, किंवा चिमूटभर टाक. हे दिवसातून दोनदा, अठरा वर्षं.

दोन वर्षांपूर्वी धाकटीने विचारणं सोडलं. थोरलीला सुटल्यासारखं झालं, आणि लागलंही. शिकली म्हणजे झालं, आता कशाला विचारेल, शिंगं फुटली बाईला, असं मनात यायचं. धाकटी पूर्वीपेक्षा कमी बोलायची तेही तिला खुपायचं. पण बोलून दाखवलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तिची स्वतःची मूठही झाकलेलीच होती.

दर वर्षी एकदा चाचणी व्हायची. इमारतीच्या कचेरीतले तिघे जण यायचे, बावीस खिडक्यांतलं चाखायचे आणि ज्या दोन खिडक्यांना सगळ्यांत कमी गुण पडतील त्यांना जागा सोडावी लागायची. रडून भेकून उपयोग नसायचा. तापाआधी थोरलीला कधी भीती वाटली नव्हती, आणि गेल्या वर्षी चव नसतानाही नशिबाने निभावलं होतं. यंदा मात्र चाचणीची तारीख लागली तशी तिची झोप उडाली. ही खिडकी गेली तर साठीच्या बाईला दुसरी कोण देणार?

तारखेला आठवडा राहिला असताना ते घडलं. सकाळचा रस्सा उतरवून थोरली रोजच्यासारखी हात-तोंड धुवायला गेली. अर्ध्या वाटेत आठवलं, चष्मा राहिला. परत आली तर धाकटी पातेल्यावर वाकलेली. तीन डाव रस्सा काढून तिने मोरीत ओतला आणि किटलीतलं गरम पाणी पातेल्यात सोडलं.

स्वयंपाक करणाऱ्या बाईला याहून मोठी शिवी नाही. तुमच्या कालवणात कुणी तुमच्या पाठीमागे पाणी घालतंय, आणि तेही तुम्हीच शिकवलेलं माणूस! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजूबाजूच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या तरी ती थांबली नाही. माझं नाव बुडवायला निघालीस का, चाचणीच्या तोंडावर माझा रस्सा पांचट करून दाखवायचा आणि मग खिडकी आपल्या नावावर करून घ्यायची, हेच ना तुझ्या मनात, असं नाही नाही ते बोलली. ज्या ताटात खाल्लं त्यालाच भोक पाडलंस, म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

धाकटी किटली हातात धरून उभी होती. तिने एकदा आजूबाजूला बघितलं. डाव्या हाताला भाजलेलं मांस विकणारा कान टवकारून उभा होता, उजवीकडची शेवयावाली उघड उघड ऐकत होती. धाकटीने एप्रन सोडून घडी घातली, टेबलावर ठेवली. जाताना एवढंच म्हणाली, “ताई, चाचणीच्या दिवशी तरी मला येऊ द्या.”

“त्या दिवशी तर पाऊलसुद्धा ठेवू नकोस,” थोरली म्हणाली.

घरी दोघी एका छताखाली मुक्याने वावरल्या. दोन दिवसांनी कळलं, शेवयावालीने धाकटीला कामाला ठेवून घेतलंय. बघा, आधीच ठरलेलं होतं, असं थोरलीने स्वतःला सांगितलं आणि एकटीने पातेलं चढवलं. गिऱ्हाईक कमी झालं. ते तिने हवेवर ढकललं, सुट्टीच्या दिवसांवर ढकललं. वाट्या अर्ध्याच पिऊन कचऱ्याच्या डब्यात पडत होत्या, त्याला तिने पाहुण्यांचे नखरे म्हटलं. काका रोज सकाळी वाटी रिकामी करत होते आणि छान म्हणत होते, मग कशाला काळजी करायची?

चाचणीच्या दिवशी ती नवी साडी नेसून पहाटेच पोचली. जीव ओतून रस्सा केला. मीठ टाकताना हात क्षणभर थांबला. तापानंतर तिला एक खोड लागली होती, टाकून चाखायची, काही लागायचं नाही, म्हणून आणखी थोडं टाकायची. कुठेतरी जिभेच्या कडेला काहीतरी चुरचुरायचं, तेवढ्याने तिला वाटायचं, आज येतेय बहुतेक चव. आजही तिने तसंच केलं. काकांना वाटी दिली. काका म्हणाले, “छान.”

तिघे आले. दोन पुरुष, एक बाई, हातात कागद. पहिल्याने घोट घेतला आणि खोकत मान वळवली. बाईने तोंडातलं हळूच कागदी रुमालात टाकलं. तिसऱ्याने बाकीच्या दोघांची तोंडं बघून वाटी उचललीच नाही. बाईने जाताना पाण्याची बाटली मागून घेतली. थोरली काउंटरला धरून उभी होती. दुपारच्या आत कचेरीतून चिठ्ठी आली, महिनाअखेर जागा रिकामी करावी.

खुर्च्या पुसत पुसत काका खिडकीशी आले. बादली खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“तुम्ही छान म्हणालात,” थोरली म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. रोज तुम्ही आपलेपणाने देता, मी फुकट खाणारा, नावं कशी ठेवू, असं ते पुटपुटले. हा आठवडाभर ते मोरीवर जाऊन चुळा भरत होते. थोरलीने विचारलं, आणि त्याआधी? त्याआधी खरंच छान असायचं, काका म्हणाले. तुम्ही हात धुवायला गेलात की धाकट्या बाई चाखायच्या. कधी पाणी घालायच्या, कधी बटाट्याची फोड सोडायच्या खारटपणा ओढायला, आणि तुम्ही यायच्या आत काढून घ्यायच्या. दोन वर्षं झाली. मला वाटलं, तुम्हीच सांगून ठेवलं असेल.

एकदा पातेलं घासताना तळाशी बटाट्याची फोड सापडली होती. थोरलीला ते आता आठवलं. रश्श्यात बटाटा कुठून आला, लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून तिने धाकटीला फाडून खाल्लं होतं, आणि धाकटी चुकलं ताई म्हणाली होती. आणि ते मीठ विचारणं बंद झालं ते कधीपासून, तेही तिला आता कळलं. ताप उतरून ती कामावर आली त्याच आठवड्यापासून. विचारलं तर ताईला खोटं बोलावं लागेल, म्हणून पोरीने विचारणंच सोडलं होतं. आणि त्या सकाळी बावीस खिडक्यांसमोर ती एका वाक्यात सुटली असती. यांना चव लागत नाही हो, एवढं म्हणायचं होतं. म्हणाली नाही.

थोरली स्टुलावर बसली. आपल्या हाताने आपण हे केलं, असं ती दोनदा मोठ्याने म्हणाली. काका बादली उचलून निघून गेले.

तिसऱ्या प्रहरी गर्दी ओसरली. शेवयावालीच्या खिडकीबाहेर धाकटी ट्रे घेऊन उभी होती, डोक्याला जाळी, हातात मोजे, समोर वाफाळत्या वाट्या. थोरली चालत गेली. पुढे दोन पाहुणे होते, त्यांच्या मागे ती रांगेत उभी राहिली. धाकटीने तिला बघितलं आणि ट्रे पुढे केला. चिठ्ठीची बातमी एव्हाना सगळ्या हॉलला कळलेली होती.

थोरलीने एक वाटी उचलली. तिने वाटी ओठाला लावलीच नाही. तशीच धाकटीसमोर धरली.

“तू सांग,” ती म्हणाली. “मीठ?”

धाकटीने ट्रे काउंटरवर ठेवला. मोजा काढला, वाटी घेतली, एक घोट घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

“बरोबर आहे, ताई.”

थोरलीने वाटी परत घेतली आणि उरलेलं पिऊन टाकलं. गरम होतं, एवढं तिला कळलं.