पच्चडीची कोशिंबीर

जयलक्ष्मी तीस वर्षं तमिळमध्ये ललित लेख लिहीत होती. कुंभकोणममध्ये लेखिका म्हणून तिचं नाव होतं. घरात मात्र मराठी. तंजावरच्या मराठा दरबारी आलेल्या पूर्वजांची, महाराष्ट्रात आता कुणी न बोलणारी.

आई गेली, तेव्हा तिच्यावरचा लेख तमिळमध्ये उतरेना. पहिलंच वाक्य मराठीत आलं. जयलक्ष्मीनं ते तसंच राहू दिलं.

लेख पुण्याच्या एका मासिकानं छापला. अंक आल्यावर ती नवऱ्याला, कृष्णरावांना, मोठ्यानं वाचून दाखवू लागली आणि मध्येच थांबली. आईच्या डांगर पच्चडीची, दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची, छापताना कोशिंबीर झाली होती. 'मज'चं 'मला' झालं होतं.

"चांगलं आहे की," कृष्णराव म्हणाले.

"चांगलं आहे. पण अम्मा अशी बोलत नव्हती."

तिनं संपादकांना फोन लावला.

"बाई, वाचक अडखळतील. तुमची भाषा फार जुनी वाटते."

"अडखळू देत. यापुढे मी लिहिते तसंच छापा."

"ते जमणार नाही."

"मग राहू दे."

त्यानंतर मराठीत काहीच छापून आलं नाही, पण तिचं त्या भाषेतलं लिहिणं थांबलं नाही. नाचियार्कोविलच्या दिवेवाल्यांवर लिहिलं, मरुदानल्लूरच्या भजनांवर लिहिलं.

एकदा दारासुरमला एका विणकराच्या घरी रेशमी साडी निवडताना ती कृष्णरावांशी रंगावरून वाद घालत होती. शेजारी बसलेली एक तरुणी टक लावून ऐकत राहिली.

"माफ करा, ही मराठीच ना?"

ती कोल्हापूरची भारती. लहानशी प्रकाशनसंस्था चालवायची. त्या संध्याकाळी जयलक्ष्मीच्या घरी बसून तिनं सगळे लेख वाचले. दोनदा हसली, एकदा डोळे पुसले.

"मी पुस्तक करते," ती म्हणाली. "एक शब्दही बदलणार नाही."

पुस्तक निघालं, पहिली आवृत्ती संपली आणि पुण्यात कार्यक्रम ठरला. सूत्रसंचालकांनी ओळख करून दिली, "इतक्या लांब राहून यांनी मराठी जपली."

जयलक्ष्मीनं माईक जवळ ओढला. "जपली नाही हो. वापरली. भांडायला, हाका मारायला, रोज."

सभागृह हसलं. मग तिनं साडीच्या भांडणावरचा नवा लेख वाचायला घेतला. एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही आणि कुणी विचारलाही नाही. पहिल्या रांगेत कृष्णराव ताठ बसले होते, लेखातला हट्टी नवरा कोण ते शेजारच्याला अभिमानानं सांगत.