पुरते चार तास

सखू मशीनवर नेहमी शेवटी बसायची. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं. भूगावच्या त्या डायलिसिस सेंटरात सकाळी सुया टोचायला गौतमी एकटीच असे, आणि ती एकेकाला लावत पुढे सरके. पहिला मान जनार्दन तात्यांचा, कारण ते वयानं मोठे आणि पौडात त्यांच्या शब्दाला वजन. मग बारकू, कारण गाडीतून उतरल्यावर त्याला डोंगर चढून वाडीवर जायचं असे. उरली सखू. तिला कुणी मागं थांब म्हटलं नाही. तिनंच पिशवी मांडीवर घेऊन भिंतीकडची खुर्ची धरली होती, आणि एकदा धरलेली खुर्ची बाईमाणसाला सहसा कुणी सोडायला सांगत नाही.

तिघंही दत्ताच्या इको गाडीतून येत. कोळवणच्या बाजूनं निघायचं, डोंगराच्या पायथ्याला बारकूला घ्यायचं, मग सखूला, मग पौडात तात्यांना. तिघांना सेंटरवर सोडून दत्ता लवळ्याच्या कॉलेजातली माणसं ने-आण करी आणि दुपारी परत येई. जाताना गाडीत गप्पा असत. कुणाच्या जमिनीवर कुठला बिल्डर आला, कुणाच्या भाड्याच्या खोलीत कुठली पोरं राहायला आली. येताना मात्र सगळे पिळून वाळत घातलेल्या कपड्यांसारखे गप्प.

तात्यांचं मशीन पहिलं सुटे. ते बाहेर बाकावर येऊन बसत आणि खाकरत. काचेच्या दारातून ते खाकरणं थेट सखूच्या खाटेपर्यंत पोचे. तात्यांनी जन्मात कुणाला 'लवकर आटप' म्हटलं नसेल. त्यांना तशी वेळच आली नव्हती, ते उभे राहिले की माणसं आपोआप आटपत. थोड्या वेळानं बारकूही जाऊन त्यांच्याशेजारी बसे. मग दुसरं खाकरणं आलं की सखू गौतमीला खूण करी.

"काढ गं बाई. मानसं खोळंबल्यात."

सुरुवातीला गौतमी म्हणायची, मावशी, अजून बराच वेळ बाकी आहे, चार तास पुरे व्हायला हवेत. मग नुसतीच घड्याळाकडे बघायची. पुढे तेही सोडलं. दुपारच्या पाळीचे पेशंट दारात उभे असत, आणि एखादं मशीन आधी मोकळं झालं तर तिलाही दोन घास खायला सवड मिळे. पोरीचा त्यात दोष नव्हता. सखूलाही वाटे, सरकारी योजनेतून सगळं फुकट होतंय, वर पुरा वेळही मागायचा म्हणजे प्रसादाला जाऊन पातेलं पुढं करण्यासारखं.

पण पाय सुजायला लागले होते. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. मशीनवर शेवटी शेवटी पोटऱ्यांत असे गोळे येत की ती पदराचा बोळा तोंडात धरी. रात्री आडवं झालं की छातीवर कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखं होई, म्हणून ती भाताच्या पोत्यांना टेकून बसूनच झोपे. सून स्नेहल पाठीमागं गोधड्या लावून देई.

आठवड्यातून एकदा मोठे डॉक्टर येत. ते वजनाचा आकडा बघून विचारत, पाणी किती पिता? सखू सांगे, दोन वाट्या. डॉक्टर मान हलवत, सासरे सुनेच्या माहेरची कौतुकं ऐकताना हलवतात तशी. शेवटी सखूचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. आमटीतून जात असेल म्हणून तिनं आमटी सोडली. ताक सोडलं. चहा तर केव्हाच सुटला होता. गेल्या खेपेला डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले, तेव्हाच तिला धस्स झालं. ते शांतपणे म्हणाले की काळजावर ताण येतोय, असंच चाललं तर फार दिवस ते तग धरणार नाही.

त्या दिवसापासून सखू मरणाचा विचार करायला लागली. घाबरून नव्हे, आवराआवर करावी तसा. स्नेहलला लोणच्याचं प्रमाण सांगून टाकलं. कपाटातली नवी लुगडी कुणाकुणाला द्यायची तेही मनाशी ठरवलं. तेवढ्यात थंडीतल्या एका बुधवारी दत्ताची गाडी पिरंगुटच्या घाटात अडकली.

पुढं कुठला तरी कंटेनर आडवा झाला होता. दत्ताचा फोन आला की आता कधी सुटतोय ते देवाला ठाऊक. तात्या बारकूला घेऊन चौकात चहाच्या टपरीवर जाऊन बसले. त्यांना चहा चालत नव्हता, पण टपरीवर बसायला तर बंदी नव्हती. दुपारचे पेशंटही त्याच घाटात अडकलेले. बाकावर कुणी नाही, दारात कुणी नाही. सखू आपली पडून राहिली, आणि मशीननं पुरते चार तास झाल्यावर आपणहून शीळ घातली. गोळे आले नाहीत. हे तिला गाडीत बसल्यावर ध्यानात आलं.

त्या रात्री पोत्यांना टेकल्या टेकल्या ती कधी घसरून आडवी झाली, तिचं तिला कळलं नाही. सकाळी जाग आली ती नाकाशी काहीतरी गार लागल्यामुळं. स्नेहलचा हात होता. पोरगी श्वास चालू आहे का बघत होती.

"जित्ती हाय गं," सखू म्हणाली. "च्या ठेव तुझ्यापुरता."

मग ती अंगणात उन्हाला बसली आणि नीट विचार केला. पाणी तेवढंच होतं. जेवण तेवढंच. नवी गोळी नव्हती. बदलली होती ती एकच गोष्ट, तिच्यासाठी कुणी ताटकळत नव्हतं.

आता दुखणं कळलं तसं औषधही कळलं, आणि ते सुईपेक्षा कठीण होतं. भातलावणीत बायांची ओळ मागं मागं सरकते, तेव्हा जिचा हात हळू तिच्यामुळं सगळी ओळ अडते. सखूनं आयुष्यात कधी ओळ अडवली नव्हती. ताप अंगात घेऊन लावणी केली, पण 'सखूमुळं थांबलोय' असं कुणाला म्हणू दिलं नाही. आता पौडाच्या जनार्दन तात्यांना बाकावर बसवून ठेवायचं, तेही आपल्या जिवासाठी. मेलेलं परवडलं, असं तिच्या मनात आलं. आणि मग, नाही परवडलं, असंही आलं.

शुक्रवारी तात्या बाहेर आले, खाकरले. बारकूही बाहेर गेला. पुन्हा खाकरणं ऐकू आलं. गौतमी सवयीनं कापूस आणि चिकटपट्टी घेऊन खाटेशी आली.

"ऱ्हाऊ दे," सखू म्हणाली. "पुरा टाइम बसनार."

गौतमी घटकाभर तिच्याकडे बघत राहिली, मग दारातल्या पेशंटांकडे, आणि कापूस घेऊन परत गेली. सखूनं छताकडे डोळे लावले. पाच मिनिटांत तात्या स्वतः चपला बाहेर काढून आत आले.

"सखू, काय झालं? तरास होतुया का?"

"न्हाई. बरं वाटतंय, म्हनूनच बसलीया."

"दत्ता आलाय. आमी समदी खोळंबलोय."

सखूनं छतावरची नजर त्यांच्याकडे वळवली. 

"तात्या, तुमच्या घरच्या कार्यात शेवटच्या पानावरचा भात संपंस्तवर पंगत उठत न्हाई. कुनी उठाया लागला तर तुमी खांद्याला धरून बशिवता. माझं पान आजून वाढलेलं हाय."

तात्या वळले. बाहेर गेले.

परतीच्या वाटेवर ते पुढच्या सीटवर पाठमोरे बसून होते. भुकूम गेलं, पिरंगुट गेलं. सखू खिडकीतून बाहेर बघत होती आणि पुढच्या खेपेपासून एसटीनं यावं लागेल असं मनाशी धरून चालली होती. अखेर बारकूच मागून बोलला, घसा साफ करत.

"तात्या, रागावू नगा. मीबी अर्ध्यातच काढून घेतो. तुमी भाईर खाकरता, मग मला पडवत न्हाई."

तात्या आख्खे मागं वळले.

"आरं, मी तुझ्यापायी लवकर उठतो. तुला डोंगर चढायचा असतो म्हनून. आन खाकरतो ते घाईनं व्हय? छातीत पानी भरतंय माझ्या. रात्री बसून काढतो मी."

"पोत्याला टेकून?" सखूनं विचारलं.

"कॉटच्या कठड्याला."

बारकूनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग दत्ताला हसू आवरेना. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"म्हंजी तुमच्या तिघांच्या घाईपायी मी लवळ्याची शेवटची खेप सोडून पळत येतो," तो म्हणाला, "आन घाई एकालाबी न्हाई."

तात्यांना हसायचं नव्हतं, पण हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सखूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एरवी तिनं तसं केलं नसतं.

पुढचं काही एका दिवसात जमलं नाही. गौतमी म्हणाली की तुम्ही पुरे चार तास बसणार असाल तर मला तुम्हाला आधी लावावं लागेल, दुपारचे पेशंट मी कुठं ठेवू? तिघंही आजवर वेळेआधीच उठत होते हे मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आठवड्यातून निदान तीन दिवस सकाळी आणखी एक माणूस मिळतोय का बघतो म्हणाले. अजून बघतायत. तोवर तिघांनी अंधारातच निघायचं ठरलं. मशीनवर पहिला बारकू, दुसरी सखू, शेवटी तात्या. हे तात्यांनी स्वतः सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू पहिल्यापासून हीच रीत होती. बारकू आठवड्यातून एखादी खेप चुकवतोच, रोजगार मिळाला की. त्याच्यावर सखू आणि तात्या दोघं मिळून ओरडतात. त्याचा उपयोग होतो असं नाही.

आज दत्तानं दाराशी हॉर्न वाजवला तेव्हा तव्यावरची शेवटची भाकरी फुगत होती.

"आत्या, गाडी आली," स्नेहल म्हणाली. "तात्या आज हितनंच बसल्यात, पाव्हन्यांकडं आलेले. वाट बघत्यात."

"बघू देत," सखू म्हणाली.

तिनं भाकरी उलटली, दुसऱ्या बाजूनं नीट भाजू दिली, टोपलीत ठेवली. हात धुतले. मग पदर खांद्यावर घेऊन ती अंगणातून सावकाश, एक एक पाऊल टाकत गाडीकडे चालत गेली.